घराला मार्क देताना

हल्ली नव्या घराच्या जाहिरातीत घर सोडून बाकी सगळं असतं. आमच्या वेळी लोक विचारायचे, पाणी किती वेळ येतं, बस कुठे थांबते, भिंत नऊ इंची की चार इंची. आता माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आकाश असतं, दुसऱ्यावर पोहण्याचा तलाव, तिसऱ्यावर योगासनं करणारी एक तरुणी. घराचा नकाशा शेवटच्या पानावर, आणि तोही इतका बारीक की चष्मा असूनही भिंग लागावं.

गेल्या वर्षी मी आणि ही, दोघांनी मिळून चार महिन्यांत सतरा नवे फ्लॅट पाहिले. बावधन, सूस, बाणेर, पुनावळे, रावेत. पुणं पश्चिमेला कुठवर गेलंय ते त्या निमित्ताने कळलं. कारण साधंच होतं. कोथरूडचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत १९८४ सालची, लिफ्ट नाही. चोपन्न पायऱ्या. हिच्या गुडघ्यांनी त्या पायऱ्यांशी असहकार पुकारला होता. पुनर्विकासाच्या सभा होत होत्या, चहा-बिस्किटं होत होती, पुढे काही सरकत नव्हतं. मुलगी वाकडला राहते. ती म्हणाली, "बाबा, आता सभा पुरे. जुनं विका आणि लिफ्टवालं नवं घ्या."

जुन्या घराचे पैसे आणि प्रॉव्हिडंट फंडातलं उरलंसुरलं, एवढीच शिल्लक. पस्तिशीतल्या माणसाचं घर बिनसलं तर तो दहा वर्षांनी दुसरं घेतो. आमच्यापाशी ती सवड नव्हती. हे शेवटचं घर, हे न बोलता दोघांनाही माहीत होतं.

एक गोष्ट आधीच ठरवली होती. घर बांधून पूर्ण झालेलं आणि भोगवटा पत्र मिळालेलंच पाहायचं. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी लागतो (परवडणाऱ्या घरांना एक टक्का), भोगवटा पत्र मिळालेल्या घरावर लागत नाही. हा एक फायदा. दुसरा मोठा. चित्रातलं घर नव्हे, खरं घर पाहता येतं. नळ सोडून बघता येतो, दुपारी चारला ऊन कुठे येतं ते कळतं, वॉचमनला "उन्हाळ्यात टँकर किती लागतात हो?" असं विचारता येतं. वॉचमनइतकं खरं उत्तर विक्री कार्यालयात मिळत नाही!

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक नव्या घरात काहीतरी एक 'वेगळं' असतं. विक्री करणारी मुलं ते घर दाखवण्याआधीच सांगतात. "काका, आमच्याकडे हे आहे, ते दुसरीकडे कुठेच मिळणार नाही." हे वेगळेपण तोलायचं कसं, हा आमच्यापुढचा खरा प्रश्न होता. खोल्या मोजता येतात, भाव विचारता येतो. पण जे यापूर्वी कधी वापरलंच नाही, त्याची किंमत कशी करायची?

पहिलं वेगळेपण बाणेरला भेटलं. दोन मजले उंचीचं टेरेस. एका मजल्याचं टेरेस डावीकडे, त्याच्या वरच्या मजल्याचं उजवीकडे, अशी रचना. त्यामुळे आपल्या टेरेसवर दोन मजल्यांएवढी मोकळीक मिळते. ही एकदम खूश. तुळस ठेवता येईल, कुरडया वाळत घालता येतील, संध्याकाळी खुर्ची टाकून बसता येईल. मीही खूश होतो. मग वर पाहिलं. शेजारच्या टेरेसला कबुतरांसाठी जाळी लावलेली होती, दोन मजले उंच. पुण्यात कबुतरांचा काय उच्छाद आहे ते पुणेकरांना सांगायला नको. ती जाळी लावायला दोरावर लटकणारा माणूस बोलवावा लागला होता, फाटली की पुन्हा तोच. वरच्या कोपऱ्यातल्या जळमटांपर्यंत कुठलाच झाडू पोहोचत नाही. शिवाय पावसाचा रोख नैऋत्येकडून आणि टेरेसचं तोंडही तिकडेच. चार महिने ते टेरेस वापरायचं नाही, फक्त त्यातलं पाणी लोटायचं.

दुसरं पुनावळ्याला. दिवाणखाना दोन पायऱ्या खाली. सिनेमात शोभेल असा. बसलं की खरोखर छान वाटतं, खोली मोठी दिसते, छत उंच वाटतं. पण स्वयंपाकघर वर आणि दिवाणखाना खाली. चहाचा ट्रे घेऊन दिवसातून किमान चार वेळा त्या दोन पायऱ्या. चोपन्न पायऱ्यांतून सुटायला निघालो होतो आणि घराच्या आतच दोन मिळत होत्या.

तिसरं एका उंच इमारतीच्या एकोणिसाव्या मजल्यावर. पश्चिमेची पूर्ण भिंत काचेची. सकाळी गेलो तेव्हा डोंगर दिसला, ढग दिसले, विक्रीवाला मुलगा हसला. मी म्हटलं, दुपारी पुन्हा येऊ. दुपारी चारला त्या खोलीत उभं राहवेना. शेजारच्या राहत्या फ्लॅटचे पडदे गच्च ओढलेले होते. म्हणजे काचेचे पैसे द्यायचे, मग पडद्याचे द्यायचे, मग एसीचे द्यायचे.

चौथ्या घराला किल्लीच नव्हती. बोटाचा ठसा, आकडे किंवा मोबाईल, याने दार उघडायचं. दिवे बोलून लागायचे. आमच्या जावईबापूंना ते फार आवडलं. मी बोट लावलं, दार उघडेना. तीनदा लावलं. चाळीस वर्षं खडू धरून बोटं झिजली असतील, किंवा वयाने ठसे पुसट झाले असतील. मुलाने मग आकडे दाबून दार उघडलं आणि म्हणाला, "सेटिंग करून घेऊ, सर."

आणि गच्चीवरचा तलाव, व्यायामशाळा, छोटं चित्रपटगृह वगैरे तर जवळजवळ सगळीकडेच. याबाबतीत एक माहिती नवीन घर घेणाऱ्या प्रत्येकाला असायला हवी. इमारतीची सहकारी सोसायटी झाली, तर सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं वाटलं जातं. घर लहान की मोठं हे पाहिलं जात नाही. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदणी झाली, तर खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या प्रमाणात. म्हणून "मेंटेनन्स किती?" या प्रश्नाबरोबर "सोसायटी होणार की अपार्टमेंट?" हेही विचारायचं. पोहता न येणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी तलावाला महिन्याला किती वर्गणी द्यायची, ते त्यावर ठरतं.

शिक्षकाची सवय जात नाही. मी एक वही केली. प्रत्येक घराला एक पान आणि प्रत्येक वेगळेपणाला तीन प्रश्न. पहिला, हे रोज वापरलं जाईल का, की पाहुण्यांना दाखवायला आहे? दुसरा, हे पुसणार कोण? तिसरा, बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठून येणार आणि पैसे कोणाचे? प्रत्येकी दहापैकी मार्क. बाणेरच्या टेरेसला पहिल्या प्रश्नात आठ, दुसऱ्यात तीन. काचेच्या भिंतीला पुसण्यात शून्य, कारण बाहेरच्या बाजूने ती आपल्याला पुसताच येत नाही.

ही पद्धत चांगली चालली होती. वही घेऊन मी विक्री कार्यालयात बसलो की मुलं जरा सावरून बसायची. मग एका रात्री जेवणं झाल्यावर हिने वही वाचायला घेतली. सगळी पानं उलटली. म्हणाली, "अहो, यात एक प्रश्न राहिलाय."

"कुठला?"

"आपल्यापैकी एकच उरलं तर?"

मी काही बोललो नाही. तिने वही मिटली, चष्मा त्यावर ठेवला आणि ताटं उचलायला गेली. तिला पायऱ्यांचा त्रास असला तरी तिच्या बोलण्यात कधी आढेवेढे नसतात.

दुसऱ्या दिवशी मी वहीत चौथा रकाना आखला. त्याला मार्क ठेवले नाहीत, फक्त हो किंवा नाही. आणि गंमत म्हणजे बऱ्याच घरांचा निकाल त्या एका रकान्यानेच लागला. दोन पायऱ्या खालचा दिवाणखाना, एकटीला? नाही. ठशाचं कुलूप, मला एकट्याला, लाइट गेलेले असताना? नाही. (त्याला बॅटरी असते, पण ती संपत आल्याचं मोबाईलवर कळतं, आणि माझा मोबाईल बहुधा दुसऱ्या खोलीत असतो.) दोन मजली टेरेस? हिला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही एकटे असलात तर तिकडचं दार उघडणारसुद्धा नाही." ते खरं होतं.

दोघं असताना घराच्या अडचणी वाटून घेता येतात. एकाने स्टूल धरायचं, दुसऱ्याने दिवा बदलायचा. एकाने गॅस बघायचा, दुसऱ्याने दार. उद्या एकाच माणसाला पेलेल तेवढंच वेगळेपण घरात असावं, हे मला त्या रकान्याने शिकवलं. माहितीपत्रकातल्या चित्रात नेहमी चार माणसं असतात, आई, बाबा, दोन मुलं. एकटं माणूस त्या चित्रात नसतं. पण वीस वर्षांत बऱ्याच घरांत तेच उरतं.

बावधनच्या पुढचा सोळावा फ्लॅट. चौथा मजला, दोन खोल्या आणि दिवाणखाना, आत काहीही विशेष नाही. पांढऱ्या भिंती, साध्या फरशा, चौकोनी बाल्कनी, दार किल्लीने उघडणारं. वेगळं होतं ते दाराबाहेर. लिफ्टमधून बाहेर पडलं की एरवी अंधारा बोळ असतो, दिवसाही दिवा लावावा लागतो. इथे लिफ्टसमोर चांगली ऐसपैस मोकळी जागा होती. एक बाजू मधल्या चौकाकडे उघडी, तिला छातीपर्यंत भिंत आणि वर जाळी. भिंतीलगत गुडघाभर उंचीचा दगडी कट्टा. मजल्यावरच्या चारही फ्लॅटची दारं त्या जागेत उघडतात. उजेड आणि वारा दोन्ही भरपूर.

विक्री करणारी मुलगी जरा ओशाळली. म्हणाली, "तो आर्किटेक्टचा आग्रह होता, सर. काही लोक म्हणतात जागा वाया गेली." आणि घाईघाईने आतलं स्वयंपाकघर दाखवायला लागली. इतक्या घरांमध्ये पहिल्यांदाच असं झालं की घराचं वेगळेपण झाकण्याचा प्रयत्न होत होता!

ही मात्र आत आलीच नाही. कट्ट्यावर बसली. उठताना हात टेकवायला भिंत होती, उंची गुडघ्यांना सोसणारी होती. एवढं तिने तपासून घेतलं.

पण भाळून चालणार नव्हतं. मी वही उघडली. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या ठरवून दिली आहे. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या पडदीभिंती त्यात धरतात. बाहेरच्या भिंती, आपली बाल्कनी आणि मोकळं टेरेस धरत नाहीत. लिफ्टसमोरची जागा तर अर्थातच नाही. पूर्वी ही सामाईक जागा 'सुपर बिल्टअप' नावाच्या पोतडीत घालून विकत, आता भाव कार्पेटवर सांगावा लागतो. पण बांधणाऱ्याला ती जागा फुकट पडत नाही, तिचा खर्च कार्पेटच्या दरात येतोच. हिशेब केला. इथे ५८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ६२४ चौरस फूट. शेजारच्याच दुसऱ्या इमारतीत तेवढ्याच पैशांत ६१ चौरस मीटर, म्हणजे ६५६ चौरस फूट. फरक ३२ चौरस फुटांचा. चार बाय आठची एक बाथरूम म्हणा ना. म्हणजे एक बाथरूम देऊन आम्ही एक चतुर्थांश कट्टा घेत होतो, तोही मालकीचा नाही, सामाईक.

जावईबापूंनी हाच मुद्दा मांडला. "बाबा, विकायला गेलात तर कट्ट्याचे पैसे कोणी देणार नाही." बरोबर होतं त्यांचं.

आम्ही संध्याकाळी सातला पुन्हा गेलो, न सांगता. चारपैकी तीन घरं भरलेली होती. एका दारासमोर चपलांचं कपाट कट्ट्याला चिकटून उभं. दुसऱ्याची लहान मुलाची सायकल. एक बाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांना सरळ विचारलं, कट्ट्याचा त्रास होतो का? म्हणाल्या, "होतो की. वरच्या मजल्यावरची कॉलेजची मुलं रात्री अकरापर्यंत फोनवर बोलत बसतात, आवाज खाली येतो. आणि दार उघडं ठेवलं की घरातलं सगळं दिसतं." थोडं थांबून म्हणाल्या, "पण मागे माझी सासू चक्कर येऊन पडली ना, ती इथंच पडली. आत पडली असती तर आम्ही ऑफिसातून येईपर्यंत कोणाला कळलं नसतं."

परत येताना रिक्षात ही गप्प होती. मीही.

तिला एकटेपणाची भीती वाटते असं नाही. पण शाळा सुटल्यावर शिक्षकाचं काय होतं हे मी पाहिलंय. माझे दोन सहकारी मोठ्या, उत्तम घरांत राहायला गेले. दार लावून घेणाऱ्या इमारती. सकाळी पेपर, संध्याकाळी टीव्ही, आणि मधे दिवसभर कोणाशी एक वाक्य नाही. कोथरूडला चोपन्न पायऱ्या होत्या, पण प्रत्येक मजल्यावर दम खायला थांबलं की कोणीतरी विचारायचं, "काय म्हणता गुरुजी?" लिफ्ट आली की पायऱ्या जातात आणि तो प्रश्नही जातो. कट्ट्याने तो परत मिळण्याची शक्यता तरी होती. चौथ्या रकान्यात हे एकच वेगळेपण असं होतं, ज्यासमोर मला नुसतं 'चालेल' नाही, तर ठळक 'हो' लिहिता आलं.

मग कागद पाहिले. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात, त्यात ती जागा मोकळी सामाईक म्हणून दाखवली आहे ना, ते मुलीने तपासलं. हे महत्त्वाचं, कारण मंजूर नकाशातल्या सामाईक जागेत बदल करायचा तर विकासकाला दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. माहितीपत्रकात जे छापलंय ते खोटं ठरलं तर ग्राहकाला भरपाई मागता येते, म्हणून ते माहितीपत्रकही जपून ठेवलं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. ती तारीख वहीत लिहिली. आणि करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही, हे जिथे "आजच पंचवीस टक्के भरा, उद्या भाव वाढतोय" असं ऐकाल तिथे जरूर आठवावं.

करार हिच्या एकटीच्या नावावर केला. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, हे एक कारण. दुसरं कारण चौथ्या रकान्यात आहे.

राहायला येऊन आता सात महिने झाले. कट्ट्यामुळे सगळं गोकुळ झालंय असं मुळीच नाही. चपलांच्या कपाटावरून एक सभा झाली. आगीच्या वेळी जाण्यायेण्याची वाट मोकळी हवी, हा मुद्दा मी मांडला. कपाट आत गेलं, त्या घराशी महिनाभर बोलणं बंद. अकराचे फोन अजून चालू आहेत. काही संध्याकाळी कट्ट्यावर कोणीच नसतं, आणि ही दार उघडं टाकून आत भाजी चिरत बसते. काही संध्याकाळी चौघी असतात आणि माझा चहा उशिरा होतो.

नाशिकचा पुतण्या सध्या घर शोधतोय. त्याला दोन मजली टेरेसचं घर मिळतंय, काय करू विचारत होता. मी वहीतले चारही प्रश्न सांगितले आणि म्हटलं, उत्तरं माझी घेऊ नकोस. तू छत्तीस वर्षांचा, घरात दोन मुलं, बायकोला झाडांची हौस. तुझ्या वहीत त्या टेरेसला कदाचित पैकीच्या पैकी मिळतील. घराला मार्क देताना परीक्षा घराची नसते, आपली असते. आपण कसे राहतो आणि पुढे कसे राहणार, याची. फक्त चौथा प्रश्न दोघांनी मिळून, मोठ्याने, एकमेकांकडे बघून विचारा. तो मनातल्या मनात विचारला की माणूस स्वतःला सोयीचं उत्तर देतो.

असो. बावधनकडे कधी येणं झालं तर जरूर या. दिवाणखाना लहान आहे, पण बाहेर बसायला जागा आहे.